अण्णांच्या मेंदूची तोंडी परीक्षा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच कॉपी केली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, स्मरणशक्तीच्या तोंडी परीक्षेत. कॉपी पुरवणारी माझी आई होती. दोघंही पकडले गेले नाहीत. मी शेजारच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते, तरी मला काही कळलं नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते लातूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापक होते. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंपासपेटीचा दुहेरी तळ, पायमोजे, वेणीतली रिबीन, सगळं त्यांना ठाऊक होतं. एका मुलीनं डब्यातल्या भाकरीच्या घडीत प्रमेय लपवलं होतं. अण्णांनी प्रमेय काढून घेतलं आणि भाकरी परत दिली. "उपाशी पेपर लिहू नको," म्हणाले.

त्यांचा राग मात्र नीतीच्या बाजूनं नसायचा. ते म्हणायचे, "कॉपी केलेला पेपर तपासून मास्तरला कळतच नाही की काय शिकवायचं राहिलं. पोरगं पास होऊन निघून जातं, अडाणी मास्तर राहतो." हे वाक्य आम्ही घरात इतक्यांदा ऐकलं होतं की अण्णा श्वास घेऊन "कॉपी केलेला" म्हणाले की आई स्वयंपाकघरातून "अडाणी मास्तर राहतो" म्हणून ते संपवून टाकायची.

मेंदूचा विषय आमच्या घरी आला तो आजीमुळे. अण्णांची आई शेवटची चार वर्षं त्यांना ओळखत नव्हती. ती त्यांना "गुरुजी" म्हणायची आणि ओसरीवर बसवून सांगायची, "गुरुजी, माझं पोरगं तुमच्याच शाळेत हाय. जरा ध्यान द्या त्याच्यावर. लई भित्रं हाय." अण्णा गंभीरपणे मान डोलवायचे. "हुशार आहे पोरगं. गणितात चांगलं आहे." आजी खूश व्हायची. दुसऱ्या दिवशी परत तीच चौकशी. चार वर्षं अण्णांनी स्वतःचा निकाल तिला रोज नव्यानं सांगितला. ती गेल्यावर एकदाच म्हणाले, "डोक्यात नेमकं काय बिघडलं हे कोणाला तरी समजायला पाहिजे."

मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे शनिवारी दुपारची गाडी धरून लातूरला जायला मला कोणाला विचारावं लागत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करत संध्याकाळी घरी, आणि रविवारी दुपारी परत. अशाच एका रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या मंडळात वैद्यकीय महाविद्यालयातल्या एक डॉक्टर मॅडम बोलायला येणार होत्या. अण्णा मला म्हणाले, "चल. विषय नवीन आहे."

मंडळाचे नेहमीचे विषय म्हणजे गुडघे, साखर आणि सुना. या मॅडम तिशीतल्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी सरळ सांगितलं की म्हातारपणाच्या विसरभोळेपणावर संशोधन चाललं आहे, त्यासाठी पासष्टीच्या पुढच्या माणसांची दरवर्षी स्मरणाची चाचणी घ्यायची आहे, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी मरणानंतर मेंदू अभ्यासासाठी द्यावा. निरोगीही हवेत, विसरणारेही हवेत. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

सगळ्यांत आधी एक निवृत्त तलाठी उठले. हे अण्णांचे रोजचे फिरायचे जोडीदार.

"मॅडम, मेंदू काढल्यावर तोंड कसं दिसंल?"

"तोंडाला काही होत नाही, काका. टाके मागच्या बाजूला, केसांत असतात."

"केसं कुठं राहिलेत?" मागून कोणीतरी म्हणालं.

एका आजींना वेगळीच काळजी होती. "पुढल्या जन्मी मी बिनमेंदूची जन्माला आले तर?"

त्यांचे यजमान शेजारीच होते. "मागल्या जन्मी दिलतीस वाटतं."

"मी दिलता म्हणूनच तुम्हाला हो म्हणले."

एकाला मातीची वेळ गाठता येईल का ते हवं होतं. आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, आणि मातीची वेळ चुकणं हे लग्नाचा मुहूर्त चुकण्यापेक्षा वाईट. पाहुणे तालुक्यातालुक्यांतून वेळ बघून निघालेले असतात. मॅडम म्हणाल्या, चारपाच तासांत सगळं होतं, देह घरच्यांच्या ताब्यात मिळतो. त्यांनी हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी दुसरं कारण काढलं, आणि त्याचंही उत्तर मिळाल्यावर तिसरं. शेवटी एक निवृत्त कारकून उठले आणि हळू आवाजात विचारलं, "मेंदूतलं वाचता येतं का हो? म्हणजे माणसानं मनात काय काय ठेवलेलं होतं ते?"

"नाही काका. तसलं काही दिसत नाही."

"कधीच?"

"कधीच."

कारकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी नंतर कधी पाहिला नाही. त्यांची बायको मात्र बारीक डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिली.

सभा संपल्यावर माझ्या एक लक्षात आलं. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांच्यातला एकही टेबलाशी गेला नाही. अर्ज घेतले ते सगळा वेळ गप्प बसलेल्या चारपाच जणांनी. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी विसरून गेलेलं होतं. अण्णा त्या रांगेत पहिले होते.

घरी आल्यावर आईनं अर्ज लांबूनच पाहिला. हातात मेथी होती, ती निवडत राहिली.

"डोळे द्यायचे म्हणले तवा मी कायी म्हणले का? द्या. डोकं न्हाई द्यायचं."

"अगं, डोकं नाही. नुसता मेंदू."

"मग डोक्यात राहतंय काय?"

मी लगेच साक्षीदार म्हणून सही केली. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशा सह्या सोप्या जातात. पण मॅडमनी आधीच बजावलं होतं की हा अर्ज म्हणजे फक्त इच्छा. माणूस गेल्यावर खरी परवानगी घरच्यांची लागते, आणि घरच्यांमध्ये पहिला शब्द बायकोचा. अण्णांचा मेंदू अण्णांचा नव्हता, तो आईच्या शब्दावर होता. हे त्या घटकेला आईलाही समजलं. मेथीच्या काड्या ती जरा जास्तच जोरात मोडायला लागली.

आईची नकाराची कारणं दर शनिवारी बदलायची. एकदा लोक काय म्हणतील. एकदा करवतीनं कापतात म्हणे. मग रेणापूरकडच्या खेड्यातून आमचे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, हुरडा घेऊन आले, आणि त्यांनी कारणांत मोलाची भर घातली.

"दाजी, वर गेल्यावर चित्रगुप्त कायी इचारल, तवा तुम्ही सांगणार काय? मेंदू खाली राहिला म्हणून?"

"सांगेन, दवाखान्यात आहे, तिथून मागवा."

"आक्का, बग ह्यांचं. लई शिकल्याचा हा तरास असतोय."

"मी काय बगू? मी चौथी शिकलेली," आई म्हणाली. वादात हरायला लागली की ती हे हत्यार काढायची.

मध्यंतरी पहिली चाचणी आली. अण्णांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की या चाचणीत पास झालं तरच मेंदू घेतात. मॅडमनी निरोगी आणि विसरणारे दोन्ही हवेत असं चारदा सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. पुढं मेरिट लागतं."

आता हे लातूर आहे. राज्यभर आमच्या गावाचं नाव झालं ते एका पॅटर्नमुळं. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करायच्या, सोडवायच्या, पुन्हा सोडवायच्या, घड्याळ लावून सोडवायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी विचार करायची वेळच येऊ द्यायची नाही. अण्णांनी हयातभर मुलांना हेच दिलं होतं. आदल्या आठवड्यात तलाठीकाकांची चाचणी झाली होती. अण्णांनी त्यांना बाकावर बसवून सगळे प्रश्न काढून घेतले. आज वार कोणता, महिना कोणता. शंभरातून सात वजा करत जा. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी. घड्याळ काढून दाखवा. आणि तीन शब्द सांगणार, ते थोड्या वेळानं जसेच्या तसे म्हणायचे. कंदील, पेरू, शाल.

"पेपर फुटला," मी हसून म्हणाले.

"फुटला कसला? हा सराव आहे."

चाचणीच्या दिवशी मॅडमनी प्राणी विचारल्यावर अण्णांनी अस्वल, उंट, कासव, कोल्हा असे वर्णानुक्रमे प्राणी सोडले आणि मिनिट संपायच्या आत हत्तीपर्यंत जाऊन पोचले. घड्याळ काढायला त्यांनी खिशातून कंपास काढला.

"सर, हातानंच काढा."

"हातानं वर्तुळ काढलं तर मी मार्क कापायचो, मॅडम."

तीन शब्द तर मॅडमनी उच्चारायच्या आधीच म्हणून टाकले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अण्णांनी उलट्या बाजूनं ते वाचायचा प्रयत्न केला. जुनी सवय.

त्यानंतर वर्षभर आमच्या कॉलनीत कंदील, पेरू, शाल हा एक नमस्कारच झाला. सकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं एकमेकांना लांबून "कंदील!" म्हणायची, आणि पलीकडून "पेरू, शाल!" असं उत्तर आलं की दोघांचाही दिवस चांगला जायचा. दुसऱ्या वर्षी सगळी कॉलनी तीनपैकी तीन गुण घेऊन बाहेर पडली. तिसऱ्या वर्षी मॅडम शहाण्या झाल्या. त्यांनी शब्द बदलले. तलाठीकाका तणतणत बाहेर आले, "पोर्शनच्या बाहेरचं विचारायलेत!"

ती तिसरी चाचणी म्हणजे कॉपीची. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. आईही आली. आधीच्या दोन वर्षी ती आली नव्हती. आता म्हणाली, "ह्यांना ऐकू कमी येतंय. मी बसते बाजूला." मॅडमनी बाहेर थांबायची विनंती केली, तर म्हणाली, "बसले की गुडघ्यानं उठवत न्हाई बाई." आणि बसली. अण्णांच्या बरोबर समोर. मीही शेजारच्या खुर्चीत बसले.

"सर, आज तारीख किती?"

आईनं अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला आणि पेरं मोजत वर न्यायला लागली. आमच्याकडच्या बायका वार, तिथ्या, दिवस सगळं पेरांवरच मोजतात, त्यामुळं मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अण्णांनी थोडं थांबून तारीख बरोबर सांगितली.

मॅडमनी नवीन तीन शब्द दिले. बांगडी, दार, पाणी. मग वजाबाकी झाली, घड्याळ झालं. कंपास या वेळी अण्णांनी आणला नव्हता. मग मॅडम म्हणाल्या, "आता मघाचे तीन शब्द सांगा."

अण्णा भिंतीकडं बघत बसले. आईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. ती पदर सारखा करत होती.

"बांगडी," अण्णा म्हणाले.

आई वळून दाराकडं बघायला लागली. मीसुद्धा बघितलं. मला वाटलं कोणी आलं.

"दार."

"बाई, घोटभर पाणी मिळंल का?" आई म्हणाली. "लई कोरड पडली घशाला."

"पाणी," अण्णा म्हणाले.

मॅडमनी मनापासून "वा, सर!" म्हटलं आणि स्वतः उठून आईला पाणी आणून दिलं. आईनं ते अख्खं पिऊन टाकलं. बाहेर आल्यावर रसवंतीवर आम्ही रस प्यायलो. अण्णा खूश होते, पण एकदम दमलेले दिसत होते. मला वाटलं, ऊन फार आहे.

अण्णा पुढच्या वर्षी माघात गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि तसेच मान टाकून बसले. हृदय थांबलं होतं. मी नांदेडहून पोचेपर्यंत अकरा वाजले. माझ्या आधी मामा पोचले होते, आणि मामांनी येताक्षणी सगळ्या पाहुण्यांना मोबाईलवर कळवून टाकलं होतं, माती चार वाजता. बिलोलीच्या आत्या गाडीत बसल्या होत्या.

डॉक्टर मॅडमना कोणी कळवलं ते मला अजून ठाऊक नाही. मला वाटतं तलाठीकाकांनी. त्या साध्या सुती ड्रेसवर आल्या, चपला बाहेर काढल्या, अण्णांना नमस्कार केला आणि आईच्या शेजारी खाली सतरंजीवर बसल्या. शेवटी मामाच म्हणाले,

"म्याडम, तुम्ही आलात, बरं झालं. पण ते काम न्हाई व्हायचं. पाहुणे निघालेत. चारची माती हाय."

"काका, मी जोर करायला आले नाही. सरांची इच्छा होती, म्हणून एकदा विचारून जाते. काकू नाही म्हणाल्या तर मी चहा पिऊन जाईन."

आई जमिनीकडं बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला खात्री होती की ती नाही म्हणणार, आणि अण्णांची ती एकच इच्छा माझ्या डोळ्यांदेखत राहून जाणार. ग्रंथालयात मी दिवसभर लोकांना हवं ते शोधून देते. त्या घटकेला मला एक वाक्य सापडत नव्हतं.

मॅडम मग नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या. "सरांच्या तिन्ही वर्षांच्या नोंदी काढून बघितल्या मी येताना. इतक्या उत्तम नोंदी या वयात फार कमी असतात. तिसऱ्या वर्षीसुद्धा एक गुण गेला नाही. असा निरोगी मेंदू मिळाला असता तर बाकीचे त्याच्याशी ताडून बघता आले असते."

आईनं मान वर केली. "ताडून म्हंजे?"

"म्हणजे विसरणाऱ्या लोकांच्या मेंदूत काय वेगळं आहे, हे कळायला शेजारी एक चांगला मेंदू ठेवावा लागतो ना, काकू."

"म्हंजे ह्यांचा पेपर समोर ठिवून बाकीच्यांचे तपासायचे."

"तसंच समजा."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि अण्णांकडं बघत म्हणाली, "तो पेपर ह्यांनी लिवलेला न्हाई."

मॅडमना कळेना. मलाही.

"बांगडी, दार, पाणी मी दिलं. तारीख बी मीच दिली, पेरावर." आणि तिनं अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवून दाखवला.

मामांचं तोंड उघडंच राहिलं. "आक्का! तू कॉपी पुरवलीस? हेडमास्तरला?"

"गप रे तू. तुला दहावीला कुणी पुरवली हे सांगू का?"

मॅडमनी पिशवीतून वही काढली, पण उघडली नाही. हळूच विचारलं, "काकू, कधीपासून?"

"दोन वर्षं झाले असतील. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मी पुरणाचे दिंड करायलते. हे स्वयंपाकघरात आले, दाराशी उभे राहिले अन् मला म्हणले, बाई, तुम्ही नवीन दिसता. कोणता वर्ग दिलाय तुम्हाला?"

"मग?"

"मग काय. मी म्हणले, चौथी." आईनं अण्णांवरची चादर सारखी केली. "तेवढीच तर शिकलेली हाय मी. पाचवी म्हणले असते अन् ह्यांनी कायी इचारलं असतं तर? तर म्हणले, चौथीचा वर्ग सांभाळणं अवघड असतं, बाई, लक्ष द्या. अन् गेले. संध्याकाळी समदं ठीक. तवापासून रोज सकाळी मी उजळणी घेत होते. वार, तारीख, कोण कुठं असतंय. शनिवारी तर दोनदा." आई माझ्याकडं वळली. "तू यायच्या आधी. तुझं नाव, नांदेड, लायब्ररी. तुझा पोर्शन लई मोठा न्हवता. कधी चुकले न्हाईत."

दर शनिवारी संध्याकाळी अण्णा मला दारातच विचारायचे, "काय म्हणते नांदेडची लायब्ररी?" मला वाटायचं, किती आपुलकीनं विचारतात. आपुलकी होतीच. पण ती पाठ केलेली होती, आणि आता विचार करते तेव्हा वाटतं, न पाठ करता विचारणाऱ्यांपेक्षा ती जास्तच होती.

"मग इतके दिवस नको का म्हणत होतीस?" मी विचारलं.

"उघडून बगितलं की कळलं असतं की गं समद्यांला. एवढा हुशार माणूस. लोकांनी काय म्हणलं असतं, हेडमास्तरला बायको आठवंना?" ती थांबली. "पण आता ह्यांच्या पेपरावरनं दुसऱ्यांचे तपासणार म्हणल्यावर, ते न्हाई चालायचं. हे काय म्हणायचे ठाऊक हाय ना? कॉपी केलेला पेपर तपासून..."

वाक्याचा दुसरा भाग आज मामांनी म्हटला. "अडाणी मास्तर राहतोय." त्यांनाही पाठ होता. शेवटी ते त्याच घरचे जेवलेले होते.

आईनं मॅडमच्या हातातली वही स्वतःच्या हातानं उघडली. "खोडा. माझ्या देखत खोडा. अन् पंचमीपासनं लिवा." मॅडमनी तिसऱ्या वर्षीचे आकडे खोडायला घेतले. त्यांचं पेन निळं होतं. आई म्हणाली, "लाल न्हाई का?" मी अण्णांच्या टेबलावरून लाल पेन आणून दिलं. खोडून झाल्यावर आईनं विचारलं, "मग आता ह्यांना घेणार न्हाईत का?"

"काकू, आता तर हवेच आहेत."

आईनं परवानगीच्या कागदावर सही केली. चौथीच्या अक्षरात, पूर्ण नाव, हळूहळू. मग मॅडमना म्हणाली, "नापास म्हणून लिवू नका तेवढं."

"तसा रकानाच नाही, काकू."

दवाखान्याच्या गाडीत अण्णांबरोबर मामा बसले. जाताना कुरकुरत गेले, येताना गप्प होते. तीन वाजून गेल्यावर अण्णा घरी आले. चेहरा सकाळी होता तसाच. डोक्याला पांढरी पट्टी होती. मामांनी ती बघितली, आत गेले, आणि स्वतःच्या पिशवीतून नवा कोरा फेटा काढून आणला. बसून, गुडघ्याला टेकवून, सावकाश बांधला. तुरा सोडला, परत आवळला.

"माझ्या लग्नात दाजींनी फेटा बांधू दिला न्हवता," ते म्हणाले. "गणिताच्या माणसाला फेटा शोभत न्हाई म्हणले. आता बगू कसं न्हाई म्हणतेत."

माती साडेचारला झाली. बिलोलीच्या आत्यांनी फेट्याकडं बघून विचारलं, कोणी बांधला इतका सुरेख. मामांनी मेंदूचा विषय काढला नाही, नुसतं "म्या" म्हणाले. पण तेराव्याला वाढप चालू असताना ते तलाठीकाकांशेजारी बसून हळूच विचारत होते, खेड्यातल्या माणसाला अर्ज कुठं मिळतो, आणि फेटा घरचा चालतो का.

याला आठ महिने झाले. मी अजून शनिवारी जाते. दारात आता आई असते, आणि मी काही विचारायच्या आत ती सांगते, मला समदं आठवतंय, काळजी करू नको. तिनं अर्ज भरला आहे. मागच्या सोमवारी तिची पहिली चाचणी होती. आमच्या कॉलनीतल्या कोणालाच या वेळचे शब्द ठाऊक नव्हते, आणि असते तरी तिनं ऐकून घेतले नसते. तलाठीकाका काही सांगायला आले तेव्हा तिनं कानावर हात ठेवले होते.

खोलीच्या दाराशी मी तिच्यामागोमाग आत शिरायला लागले, तर तिनं मला अडवलं.

"तू बाहेर बस."

"का? मी काही बोलणार नाही."

"बोलणार न्हाईस गं. पण तुझ्या हाताकडं बगायचा मला मोह हुईल."

दार लागलं. मी बाकावर बसले, पिशवीतून पुस्तक काढलं. आतून मॅडमचा आवाज आला, "काकू, आज वार कोणता?" आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. पुस्तक उघडंच होतं. खाली बघितलं तर माझा अंगठा करंगळीच्या पेरावर टेकलेला होता, आणि एकेक पेर मोजत वर चालला होता. मी हात पदराखाली घेतला आणि दाराकडं पाठ करून बसले.